सिलिंडर घरात, सरपण डोक्यावर

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले चौफुलीचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आणि गोंदियाहून गोरेगावमार्गे नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे उतरणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. विजेचे खांब इथल्या गावांत केव्हाचे आले, गॅसच्या गाड्याही फिरतात. अशा भागात घरोघरचे इंधन आणि वीज यांच्या वापराची माहिती गोळा करायची, पुढे बचतगटांतल्या बायांसोबत बिले, बुकिंग आणि अनुदान यांचा पाठपुरावा करायचा, असे माझ्या कामाचे स्वरूप राहिले आहे. या कामात हाती येणारे अर्ज बहुतेक एकाच साच्याचे असतात. घरात वीजजोडणी आहे का? आहे. गॅसजोडणी आहे का? आहे. दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण पडली की ते घर ऊर्जेच्या बाबतीत सुटले असे धरून चालायचे. माझा अनुभव याच्या उलट सांगतो. इथल्या गरीब घरांची ऊर्जेची टंचाई या दोन खुणांनंतर सुरू होते. तिचे मुख्य कारण असे, की गॅस आणि वीज रोख पैशात, ठरल्या मापात आणि ठरल्या वेळी विकली जाते, आणि रोख पैसा मात्र या घरांत वर्षातून काही ठरावीक आठवडेच येतो. मधल्या महिन्यांची तूट घरातली बाई आपल्या अंगमेहनतीने भरून काढते. त्या मेहनतीची किंमत कोणत्याच कागदावर येत नसल्यामुळे तूटही दिसत नाही.

आधी गॅसचे पाहू, कारण त्याचे आकडे उपलब्ध आहेत. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. 8 कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट मुदतीआधीच पूर्ण झाले. त्यातली आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या वेगाने स्वयंपाकाचे इंधन दारापर्यंत नेणे ही लहान गोष्ट नाही. (या योजनेला नावे ठेवणाऱ्या पुष्कळांनी ओल्या लाकडावर कधी भात शिजवलेला नसतो, हेही खरे.) पण शेगडी घरात येणे आणि ती पेटणे यात अंतर आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2019 च्या अहवालात ते मोजले: 31 डिसेंबर 2018 पर्यंतच्या 3.18 कोटी लाभार्थी घरांनी वर्षाला सरासरी 3.21 सिलिंडर भरून घेतले होते. त्यानंतरचे सरकारी आकडे 2019-20 साठी 3.01, 2023-24 साठी 3.95 आणि 2024-25 साठी 4.47 असे आहेत. आकडा वर सरकतो आहे, हे मान्य करायला हवे. तरी चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक 14.2 किलोच्या टाकीवर करायचा तर वर्षाला सात-आठ टाक्या लागतात. म्हणजे उज्ज्वलाच्या सरासरी घरात निम्म्याच्या आसपास रांधणे अजून दुसऱ्या कशावर तरी होते. शिवाय ही सरासरीही वास्तवापेक्षा उजळ असण्याची शक्यता आहे. त्याच अहवालात वर्षाला बारापेक्षा जास्त टाक्या उचलणारी जवळपास दोन लाख उज्ज्वला खाती सापडली होती. ज्याला तीन टाक्या परवडत नाहीत तो बारा भरत नाही. नाव एकाचे आणि टाकी दुसऱ्याच्या चुलखंडात, असा तो प्रकार आहे.

कोहमाऱ्याच्या आसपास 'दुसरे काही' म्हणजे सरपण. गॅसवर चहा होतो, पाहुणा आला तर भाजी होते, पावसाळ्यात लाकडे भिजली की घाईचे काम निघते, घरात कोणी आजारी असले तर रात्री पाणी गरम होते. भाताचे मोठे भांडे आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. हे पाणी तापवण्याचे प्रकरण शहरातल्या माणसाला किरकोळ वाटते. पण हिवाळ्यात विदर्भातले सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचेच नोंदले जाते, आणि बांधीत किंवा रस्त्याच्या कामावर राबून आलेल्या माणसांचे पाणी थंड ठेवून भागत नाही. त्यामुळे इथल्या घराला लागणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा स्वयंपाकाबाहेरचा आहे. तो कोणत्याही गॅस योजनेने धरलेला नाही. हा हिशोब धरला तर सात-आठ टाक्याही अपुऱ्या ठरतात.

आता पैसा कधी येतो ते पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे थोडे आठवडे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीची मजुरी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि मग धानाची विक्री. आधारभूत केंद्रावर धान मोजून दिले तरी चुकारे लगेच हाती पडतात असे नाही. ते थकणे ही गोंदिया-भंडाऱ्यातली दरवर्षीची बातमी असते. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर मुंबईत घरगुती टाकीची किंमत 852.50 रुपये झाली. विदर्भात ती वाहतुकीमुळे आणखी जास्त पडते. उज्ज्वला ग्राहकाला 300 रुपये परत मिळतात, पण नंतर, बँक खात्यात. दारात टाकी घेताना पूर्ण रक्कम मोजावी लागते. म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची मजुरी एका वेळी आणि रोख. वर्षाच्या उत्पन्नाशी तुलना केली तर ही रक्कम जीवघेणी नाही, आणि म्हणूनच वार्षिक सरासरीवर बोलणाऱ्यांना अडचण दिसत नाही. अडचण तारखेची आहे. टाकी संपते ती तिच्या वेळेला. ती मे महिन्यात संपली तर भरली जाते. पोळ्यानंतर, जुना धान संपत आलेला आणि नवा अजून शेतात असताना संपली, तर रिकामी टाकी कोपऱ्यात जाते आणि कापणी होईपर्यंत तिथेच राहते. 5 किलोची छोटी टाकी योजनेत आहे, आणि मापाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. पण तिच्यासाठी तेवढ्याच फेऱ्या, किंबहुना जास्त, माराव्या लागतात, आणि फेरीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

भावाची अनिश्चितता यात भर घालते. सुरुवातीला शेगडी आणि पहिली टाकी कर्जाने घेतलेल्या घरांचे अनुदान त्या कर्जात वळते होत होते, म्हणजे नव्या ग्राहकाला पहिल्या काही टाक्या पूर्ण बाजारभावाने घ्याव्या लागल्या. 2018 मध्ये सहा टाक्यांपर्यंत ही वसुली पुढे ढकलली गेली. मे 2020 पासून अनुदान जवळजवळ शून्यावर आले. मे 2022 मध्ये उज्ज्वला घरांना 200 रुपये सुरू झाले, तेव्हा टाकी हजाराच्या वर गेली होती. ऑक्टोबर 2023 पासून ते 300 झाले. नोकरदार घराने हे चढउतार शिव्या देत पचवले. हातावर पोट असलेल्या घराने त्यातून एवढेच शिकून घेतले, की गॅसवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही, चूल मोडायची नाही. याला मी मागासलेपणा म्हणणार नाही. उत्पन्न डळमळीत असताना दोन्ही सोयी जपून ठेवणे हा शहाणपणाचाच निर्णय आहे.

सरपण फुकट मिळते, असे घरातले पुरुष सांगतात आणि तसेच लिहूनही घेतले जाते. मोळीला पैसे पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. जंगलात जाणे, काड्या वेचणे, तोडणे, बांधणे, डोक्यावरून आणणे, फोडून वाळवणे, पावसाळ्याआधी रचून ठेवणे हे सगळे बायांचे आणि मुलींचे काम. गॅस पुरुषाच्या हातातल्या रोख पैशातून येतो, लाकूड बाईच्या वेळेतून येते. टाकी भरायची की नाही हे ठरवणारा आणि न भरल्याचा भार सोसणारी ही दोन वेगळी माणसे आहेत. मला वाटते, या विषयातले हे सर्वांत कमी बोलले गेलेले कारण आहे. उज्ज्वलाची जोडणी बाईच्या नावावर दिली गेली, हे योग्यच झाले; पण नाव तिचे असले तरी त्या आठवड्यातली मजुरी कोणाच्या खिशात आहे, यावर बुकिंग ठरते. त्यातून इथे जंगल म्हणजे नवेगाव-नागझिरा. डिसेंबर 2013 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. सरपण, मोहफुले किंवा तेंदूपत्त्यासाठी जंगलात गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले ही पूर्व विदर्भातली नेहमीची बातमी आहे. वनविभागाने हे ओळखून 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांत गॅस दिला. हेतू चांगला होता, पण तिथेही भर जोडणीवर राहिला, आणि टाकी संपल्यावर मोळीचा रस्ता तोच उरला.

धुराची किंमत वेगळीच. चुलीच्या धुराने होणाऱ्या नुकसानीचे शास्त्रीय मोजमाप करणारे कर्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत हे काम केले. तेव्हापासून पुरावा इतका साचला आहे, की 'आमच्या आज्या चुलीवर रांधूनच ऐंशी वर्षे जगल्या' या वाक्याला आता दाद देण्याचे कारण नाही. 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात 2020 मध्ये आलेल्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे भारतात 2019 या एका वर्षात सुमारे 6 लाख मृत्यू झाले. चुलीपासून हातभर अंतरावर बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांच्या फुप्फुसांवर हा खर्च पडतो. तोही 'फुकट' सरपणाच्या किमतीत धरायला हवा.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. ब्रेंडा बोर्डमन यांनी 1991 च्या 'फ्युएल पॉव्हर्टी' या पुस्तकात एक कसोटी मांडली: घर पुरेसे ऊबदार ठेवण्यासाठी आणि इतर गरजांसाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागेल, ते इंधनाच्या बाबतीत गरीब. कमी उत्पन्न, महाग इंधन आणि उष्णता धरून न ठेवणारी घरे ही त्यांची तीन कारणे. यातली खुबी अशी, की प्रत्यक्ष झालेला खर्च न मोजता करावा लागणारा खर्च मोजला. थंडीत कुडकुडत बसून बिल वाचवणारे म्हातारे जोडपे त्यामुळे गणतीतून सुटले नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक पाहण्यांत झालेला खर्च विचारतात. त्या मापाने कोहमाऱ्याजवळचे भूमिहीन कुटुंब ऊर्जेवर उत्पन्नाचा अगदी थोडा भाग खर्च करते, म्हणून त्याची परिस्थिती बरी ठरते, आणि पूर्ण गॅस वापरणारा शिक्षक त्याच्यापेक्षा जास्त ओझ्याखाली दिसतो. हे माप फेकून द्यायच्या लायकीचे आहे.

विजेची गोष्ट थोडी वेगळी, पण गाभा तोच. सौभाग्य योजना 25 सप्टेंबर 2017 रोजी जाहीर झाली आणि मार्च 2022 पर्यंत देशात 2.86 कोटी घरांना वीज मिळाली. आता राज्याच्या दरपत्रकातली एक ओळ पाहा. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा वेगळा, स्वस्त वर्ग आहे, आणि त्यात राहण्यासाठी वर्षाचा वापर 360 युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला सरासरी 30, ठेवावा लागतो. साधा छताचा पंखा 75 वॅटचा. तो रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. हिवाळ्यात पंखा बंद असतो, हे धरून आठच महिने मोजू: 216 युनिट. 9 वॅटचे दोन एलईडी दिवे रोज 5 तास, वर्षाला 32-33. झाले सुमारे 249. उरलेल्या 111 युनिटांत मोबाईल आणि लहानसा टीव्ही कसेबसे बसतात. दुसरा पंखा लावला की मर्यादा ओलांडली. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 पर्यंत जातो, तेव्हा पंखा 12 तासांवर थांबत नाही, आणि गरिबाच्या घरातला पंखा बहुधा जुना, वाइंडिंग बदललेला, जास्त वीज खाणारा असतो. मर्यादा ओलांडली की पुढे ते घर सर्वसाधारण घरगुती वर्गात धरले जाते. तिथे स्थिर आकारच महिन्याला शंभराच्या पुढे, वर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे दुसऱ्या खोलीत, जिथे म्हातारी आणि नातवंडे झोपतात, पंखा लावणे ही गरिबीतून बाहेर पडल्याची खूण मानली जाते. नव्या दराची बिले दोन-तीन तुंबली की लाइन कापली जाते, मग थकबाकी, व्याज, कायमचा खंडित पुरवठा आणि कधीकधी आकडा. आकडा टाकणे गुन्हाच आहे, त्याचे समर्थन मी करत नाही. पण त्याची सुरुवात पुष्कळदा बेइमानीत नसून दरवर्गाच्या त्या सीमारेषेवर असते.

घरकुलांनी यात नकळत भर टाकली. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर दुपारच्या उन्हात तग धरते. प्रधानमंत्री आवास योजनेतले 25 चौरस मीटरचे स्लॅबचे किंवा टिनाचे घर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. पक्के घर हवेच, पण त्याबरोबर विजेची गरज वाढते हे दरपत्रकाला कोणी सांगितलेले नाही. रॉकेलही गेले. शिधापत्रिकेवर गॅसचा शिक्का बसला की रेशनचे रॉकेल बंद, मग त्या घरात वर्षाला दोनच टाक्या येत असल्या तरी. आणि लाइन गेल्यावर वाट पाहण्याचे दिवसही गरिबांच्याच वाट्याला जास्त येतात. राज्यात भारनियमन करायची वेळ आली की वीजगळती आणि वसुलीवरून फीडरचे गट पाडले जातात, आणि सर्वांत वाईट गटाचा पुरवठा आधी व जास्त वेळ बंद होतो. एप्रिल 2022 मध्येही हेच तत्त्व वापरले गेले. वितरण कंपनीच्या ताळेबंदाच्या बाजूने पाहिले तर त्यात तर्क आहे. मात्र त्या फीडरवर नियमित बिल भरणारी विधवा शेजाऱ्यांच्या थकबाकीची शिक्षा भोगते, आणि तिने ती का भोगावी याचे उत्तर त्या तर्कात नाही.

यावर नेहमी काही आक्षेप येतात. पहिला सवयीचा: लोकांना चुलीवरचीच चव आवडते, गॅसने पोट बिघडते असा समज आहे, हा मानसिकतेचा प्रश्न आहे. चवीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. पण त्याच गावात, त्याच जातीत, त्याच चवीवर वाढलेले पगारदार घर रोजचा भात गॅसवर शिजवते आणि चूल पाण्यापुरती ठेवते. चव तीच, पगार वेगळा. आणखी ठाम पुरावा 2020 चा आहे. टाळेबंदीत प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमधून उज्ज्वला घरांना तीन टाक्यांपर्यंतचे पैसे दिले गेले, आणि ते टाकी घेण्याआधी खात्यात जमा होत होते. 2019-20 मध्ये 3.01 असलेली सरासरी 2020-21 मध्ये 4.39 झाली आणि 2021-22 मध्ये पुन्हा चारच्या खाली आली. त्या वर्षी माणसे घरीच असल्याने रांधणे वाढले होते, हे त्यातून वजा करायला हरकत नाही. तरी एका वर्षात मानसिकता बदलली आणि पुढच्या वर्षी परत जुनी झाली, असे मानायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप चौकातल्या पानटपरीपासून अधिकाऱ्यांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो: मोबाईलच्या रिचार्जला पैसे असतात, दारूला असतात, मग गॅसला का नसतात? दारूचा भाग खरा आहे, आणि त्यात सर्वांत जास्त पोळते ती पुन्हा तीच बाई. पण रिचार्जचे गणित वेगळे आहे. मोबाईलला बिनपैशाचा पर्याय नाही. ठेकेदाराचा निरोप, बँकेचा ओटीपी, बाहेर कामाला गेलेल्या मुलाचा आवाज काड्या वेचून मिळत नाही. गॅसला पर्याय आहे, घरातल्या बाईचा वेळ. ज्या गोष्टीला बिनपैशाचा पर्याय नसतो तिच्याकडे रोख पैसा आधी जातो. श्रीमंत घरही असेच वागते; फक्त त्याच्याकडे बिनपैशाची माणसे नसतात.

तिरोड्याचा दाखला तर हमखास दिला जातो. जिल्ह्यात 3300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, तिथून कोराडी, अकोला, औरंगाबादकडे जाणारी 765 किलोव्होल्टची वाहिनी, आणि इथल्या घरांत अंधार, असे वाक्य भाषणात टाळ्या घेते. मला ते निरुपयोगी वाटते. ग्रीडमध्ये वीज कुठे बनली याला किरकोळ महत्त्व आहे. ते केंद्र दुसऱ्या राज्यात असते तरी दुसऱ्या पंख्याचा हिशोब तोच राहिला असता. तारा आणि मेगावॉट कमी आहेत म्हणून इथली घरे गरीब राहिलेली नाहीत.

उरतो तिजोरीचा आक्षेप. सगळे फुकट द्यायचे का, आणि कुठवर? हा प्रश्न गंभीर आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणून पात्र बायांना वर्षाला तीन टाक्या मोफत जाहीर केल्या. त्यातही टाकी आधी पूर्ण पैसे देऊन घ्यायची आणि परतावा नंतर खात्यात यायचा, अशीच रचना आहे. ज्या घराची अडचण नेमकी त्या दिवशीच्या रोख रकमेची आहे, त्याला परतावा देऊन सोय निम्मीच होते. आणि ज्याच्याकडे आठशे-नऊशे रुपये नेहमी असतात तो परताव्याचा पूर्ण लाभ घेतो. खर्च तितकाच करून पैसे आधी दिले, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दिले, तर तोच रुपया जास्त चुली विझवेल. विजेच्या बाबतीतही तिजोरीला भिण्याचे कारण नाही. 30 वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा रोज 12 तासांना महिन्याला 11 युनिटे घेतो. असे दोन पंखे एका जुन्या पंख्यापेक्षा कमी वीज घेतात, आणि घर 360 च्या आतच राहते. 2015 पासून उजाला योजनेने एलईडी दिवे स्वस्तात पोचवले, तसे पंखे पोचवायला कोणती अडचण आहे ते मला कळलेले नाही.

सुधारित चुलींचा अनुभव महाराष्ट्राला आहे. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, या क्षेत्रात जगाने दखल घ्यावी असे काम केले. 1980 च्या दशकात सुरू झालेला राष्ट्रीय चूल कार्यक्रम 2002 मध्ये गुंडाळला गेला, तोवर निर्धूर चुली मोठ्या संख्येने 'बसवल्या' गेल्या होत्या. त्यातल्या किती वर्षभराने जळत होत्या, हा प्रश्न तेव्हाही मोजणीच्या बाहेर राहिला. बसवलेले मोजायचे आणि जळते मोजायचे नाही, ही खोड उज्ज्वलाने सुरू केलेली नाही.

गंमत अशी, की या मुलखाला दुसऱ्या प्रकारची मोजणी माहीत होती. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण हा सगळा भाग जुन्या मध्य प्रांतातला, निस्ताराच्या परंपरेतला. गावाच्या निस्तारपत्रकात चराई, बांबू, इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड गावकऱ्यांना किती आणि कोणत्या अटींवर मिळेल ते लिहिलेले असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्येही निस्तारपत्रकाची तरतूद आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे हक्क सामूहिक हक्क म्हणून मान्य केले आहेत. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, गार्डच्या मेहेरबानीवर बरेच चाले, हे विसरायचे कारण नाही. पण तिने घराला जळण किती लागते हा प्रश्न प्रशासनाचा मानला होता. आजच्या योजना तोंडभरून बोलतात त्या जोडण्यांबद्दल. जळण किती लागते आणि किती मिळाले, हा प्रश्न घरावर सोडून देतात.

तेव्हा मागणी एकच ठेवतो, आणि तिच्यासाठी नव्या पाहणीची किंवा निधीची गरज नाही. कोणत्या घरात वर्षाला किती टाक्या भरल्या गेल्या, याची नोंद गॅस वितरकाकडे संगणकात आहे. कोणत्या घराची लाइन थकबाकीसाठी कापली आणि कोणते घर 360 च्या वर गेल्याने सवलतीच्या वर्गाबाहेर पडले, याची नोंद वीज कार्यालयात आहे. दर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हे आकडे, कोणाचे नाव न घेता, गावाची बेरीज म्हणून वाचून दाखवावेत: इतक्या जोडण्या, त्यांपैकी इतक्या घरांत वर्षभरात दोन किंवा कमी टाक्या, इतक्या लाइनी बंद. सडक अर्जुनी तालुक्यातल्या ज्या सरपंचांना, बचतगटांच्या अध्यक्षांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे वाचायला मिळेल, त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा आणि वितरकाला व वीज कार्यालयाला पत्र आताच द्यावे.